ब्लॅकहोलचं वजन घरच्या एक्सेल शीटवर कसं काढायचं

मी डिचोली तालुक्यात हायर सेकंडरीला फिजिक्स शिकवतो. दरवर्षी अकरावीला गुरुत्वाकर्षणाचा धडा आला की मागच्या बाकावरून एक प्रश्न हमखास येतो, सर त्या गुरुत्वीय लहरी सापडल्या म्हणतात ते आपण कशावरून मानायचं. पूर्वी मी आईनस्टाईन, अमेरिकेतली लायगो नावाची यंत्रणा, २०१७ चं नोबेल असं सांगून मोकळा व्हायचो आणि पोरं मान डोलवायची, पण मान डोलवणं म्हणजे पटणं नव्हे हे मलाही कळत होतं. मग एका पावसाळ्यात मी स्वतः बसून तो डेटा उघडला आणि तेव्हापासून हा प्रश्न आला की मी उत्तर देतच नाही, सरळ लॅपटॉप पुढे करतो. कारण ते मोजमाप तुम्हाला स्वतःच्या हाताने करता येतं, अगदी खरंखुरं, आणि त्यासाठी कोडिंग लागत नाही.

लागतं काय, तर एक्सेल किंवा लिबरऑफिस किंवा नुसतं गुगल शीट्स, पाच मिनिटं नेट, बरेसे हेडफोन आणि दोन तास. नेटचं काम आधी उरकून फाईली सेव्ह करून ठेवा, जुलैत आमच्याकडे करंट कधी जाईल सांगता येत नाही.

सुरू करण्याआधी लहर म्हणजे नक्की काय हे हातात घेऊन बघा. बरेच जण ताणलेल्या चादरीवर चेंडू ठेवून दाखवतात, मला ते आवडत नाही, कारण चादर खाली दबते ती पृथ्वीच्याच ओढीने, म्हणजे गुरुत्वाकर्षण समजावायला गुरुत्वाकर्षणच वापरलं, आणि लहर तर त्यात कुठे दिसतच नाही. त्यापेक्षा केसांना लावायचा गोल रबर घ्या, टेबलावर ठेवा, वरून-खालून दोन बोटांनी हलकेच दाबा. तो आडवा लांबतो. आता बाजूंनी दाबा, उभा लांबतो. आडवा, उभा, आडवा, उभा. गुरुत्वीय लहर तुमच्या समोरून तुमच्याकडे आली तर वाटेतल्या अंतरांचं ती हेच करते, एका दिशेने ताणते त्याच वेळी काटकोनातल्या दिशेने आखडते. म्हणून लायगोचे दोन हात काटकोनात आहेत, प्रत्येक ४ किलोमीटर लांब, आणि लेझर सोडून त्या दोघांच्या लांबीतला फरक मोजतात. फरक किती, तर १ वर २१ शून्यं एवढ्याने ४ किलोमीटरला भागायचं. प्रोटॉनच्या व्यासाचा साधारण चारशेवा हिस्सा येतो. हा आकडा फळ्यावर लिहिला की वर्ग गप्प होतो, आणि तो व्हायलाच हवा.

आता कामाला लागू. आपल्याला हवी आहे ती पहिली घटना, दोन ब्लॅकहोलं एकमेकांत मिसळून एक झाली त्यातून निघालेली लहर, १४ सप्टेंबर २०१५, आपल्या घड्याळाने दुपारी ३ वाजून २० मिनिटं ४५ सेकंद, सोमवार. तीन दिवसांवर चवथ होती, म्हणजे गणपती, गोव्यात तेव्हा लोक गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या माटोळीच्या तयारीत असणार, आणि त्याच दुपारी १३० कोटी प्रकाशवर्षांवरून निघालेली ती लहर आपल्या सगळ्यांच्या आरपार गेली. जाहीर केलं ते मात्र ११ फेब्रुवारी २०१६ ला, मधले पाच महिने तपासण्यात गेले. या घटनेचं नाव जीडब्ल्यू १५०९१४, वर्ष-महिना-दिवस तसंच लिहिलंय. हा सगळा डेटा ग्रॅव्हिटेशनल वेव्ह ओपन सायन्स सेंटरच्या साईटवर फुकट आहे, जीडब्ल्यूओएससी डॉट ओआरजी, तिथे या घटनेच्या पानावर जा. कच्चा डेटा ३२ सेकंदांचा मिळतो पण त्याला हात लावू नका, त्यात जमिनीची थरथर आणि विजेच्या लाईनची घरघर इतकी असते की एक्सेलमध्ये काहीच दिसणार नाही. आपल्याला हवेत ते शोधनिबंधातल्या पहिल्या आकृतीचे आकडे, फिगर वनचा डेटा म्हणून टेक्स्ट फाईली आहेत, त्यात ऑब्झर्व्हड एच आणि ऑब्झर्व्हड एल अशा दोन उतरवून घ्या. एच म्हणजे हॅनफर्ड, एल म्हणजे लिव्हिंगस्टन, अमेरिकेच्या दोन टोकांना असलेली दोन केंद्रं. या फाईलींतला गोंगाट आधीच गाळलेला आहे, साधारण ३५ ते ३५० हर्ट्झच्या मधलाच भाग ठेवलाय.

एच उघडा. दोन रकाने येतील, पहिल्यात वेळ सेकंदात, दुसऱ्यात ताण, म्हणजे लांबीतला फरक भागिले लांबी, त्याला १ वर २१ शून्यांनी गुणलेलं आहे म्हणून आकडे वाचण्यासारखे आहेत, एकच्या आसपास. दोन्ही आकडे एकाच रकान्यात येऊन पडले तर टेक्स्ट टू कॉलम्स वापरून वेगळे करा. तीन हजारांवर ओळी आहेत, घाबरू नका. आधी नुसता आलेख काढा, स्कॅटर चार्ट, ठिपके नकोत फक्त रेघ. आणि इथे दोन मिनिटं थांबून बघा. डावीकडे नुसती वळवळ, मग ०.३५ च्या पुढे ती लयीत येते, लाटा जवळजवळ येत जातात आणि उंच होत जातात, ०.४२ च्या आसपास सगळ्यात उंच, आणि मग एकदम शांत. आमच्या वर्गातल्या एका मुलीने स्क्रीनला फूटपट्टी लावून लाटांमधलं अंतर मोजायला सुरुवात केली, मी अजून काही सांगितलंही नव्हतं. तिने जे केलं तेच आता आपण नीट करायचंय.

लाट शून्याची रेघ कुठे ओलांडते ते शोधायचं. तिसऱ्या रकान्यात या ओळीचा ताण गुणिले वरच्या ओळीचा ताण असं करा, उत्तर उणे आलं म्हणजे मधेच शून्य ओलांडलं. फिल्टर लावून फक्त उणे ओळी ठेवा आणि त्यांच्या वेळा वेगळ्या शीटवर उतरवून घ्या. ०.३५ च्या आधीच्या घेऊ नका, तिथे सिग्नलपेक्षा गोंगाट जास्त आहे. शेवटच्या शिखराच्या आसपासच्या एक-दोन पण सोडा, तिथे आपलं साधं सूत्र चालत नाही. हातात आठ-दहा वेळा उरतील, तेवढ्या पुरे.

आता लागोपाठच्या दोन वेळांमधलं अंतर काढा, त्याची दुप्पट करा आणि १ ला त्याने भागा, ही त्या क्षणाची वारंवारता हर्ट्झमध्ये. ती त्या दोन वेळांच्या बरोबर मधल्या वेळेपुढे लिहा. ही दुप्पट विसरू नका बरं का. शून्य ओलांडण्याच्या दोन वेळांमध्ये अर्धीच लाट असते, पूर्ण नाही. मी पहिल्यांदा केलं तेव्हा ही दुप्पट राहिली, उत्तर १० सूर्य आलं, आणि मी तासभर सूत्रात चूक शोधत बसलो. शेवटी फूटपट्टीवालीनेच दाखवलं, सर हे तर अर्धंच झालं ना.

पुढचा रकाना महत्त्वाचा. वारंवारतेचा उणे ८/३ घात काढायचा. पॉवर नावाचं फंक्शन घ्या, आत वारंवारतेचा सेल, स्वल्पविराम, उणे ८/३. उत्तर ०.०० दिसलं तर चुकलं असं समजू नका, आकडा इतका बारीक असतो की एक्सेल तो दाखवत नाही, सेलचा फॉरमॅट सायंटिफिक करा. हा विचित्र ८/३ आला कुठून तर केपलरचा नियम आणि आईनस्टाईनचा नियम यांच्या लग्नातून. दोन जड गोळे एकमेकांभोवती फिरतात, फिरताना लहरी सोडतात, लहरींबरोबर ऊर्जा जाते म्हणून ते जवळ येतात, जवळ आले की केपलर म्हणतो जोरात फिरा, जोरात फिरले की आईनस्टाईन म्हणतो आणखी ऊर्जा द्या. हे चक्र गणितात मांडलं की निघतं की वारंवारता स्वतः वेडीवाकडी वर चढते, पण तिचा उणे ८/३ घात मात्र वेळेबरोबर सरळ रेषेत खाली येतो. आणि त्या रेषेचा उतार फक्त एकाच गोष्टीवर ठरतो, त्या जोडीच्या वस्तुमानावर. म्हणजे उतार मोजला की वजन कळलं, लांब-जवळ, मोठा-बारीक आवाज, कशाचाच संबंध नाही, अंतरामुळे एक छोटी दुरुस्ती लागते ती पुढे बघू. मला हे दरवेळी नव्याने सुंदर वाटतं.

स्लोप फंक्शनने उतार काढा, उणे येईल, चिन्ह टाकून द्या. मग उताराला ०.०००४४८ ने भागा, उत्तराचा ०.६ घात घ्या आणि ३० ने गुणा. जे येईल ते सूर्याच्या पटीत, याला चर्प मास म्हणतात, दोन्ही गोळ्यांच्या वस्तुमानांपासून बनलेला एक आकडा, त्यांची बेरीज नव्हे. एक नमुना करून दाखवतो. समजा एका जागी शून्यांमधलं अंतर १० मिलिसेकंद आलं, म्हणजे ५० हर्ट्झ, आणि त्यानंतर ०.०५ सेकंदांनी ५.७ मिलिसेकंद, म्हणजे साधारण ८८ हर्ट्झ. घात काढले तर पहिला ०.००००२९५ आणि दुसरा ०.०००००६५, फरक ०.००००२३, भागिले ०.०५ म्हणजे उतार ०.०००४६. सूत्रात घातलं की साडेतीस सूर्य. आमच्या वर्गात उत्तरं २७ पासून ३८ पर्यंत पसरली, तुमचंही यात कुठेतरी येईल, गोंगाटामुळे इतकं इकडेतिकडे होणारच.

आता दोन्ही गोळे सारखे धरले तर एकूण वजन चर्प मासच्या २.३ पट, म्हणजे ७०. छापील आकडा वेगळा आहे, ३६ आणि २९, बेरीज ६५, मग आपलं चुकलं का? नाही. लहर इतक्या लांबून येताना विश्व पसरत गेलं आणि लहरही ताणली गेली, त्यामुळे इथे मोजलेलं वजन सुमारे ९ टक्क्यांनी जास्त दिसतं. ७० ला १.०९ ने भागा, ६४ येतं. हायर सेकंडरीच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बसून एवढं जवळ जाता येतं!

आणि ही ब्लॅकहोलंच कशावरून, हा पुढचा प्रश्न, तो पण तुम्हीच सोडवू शकता. शिखराजवळ वारंवारता साधारण १५० हर्ट्झ असते. एका फेरीत दोन लाटा निघतात, रबर आठवा, अर्ध्या फेरीत गोळ्यांनी जागा बदलल्या की आकार परत तोच, म्हणजे गोळे सेकंदाला ७५ फेऱ्या मारत होते. केपलरच्या सूत्रात ७० सूर्य आणि ७५ फेऱ्या घाला, दोघांमधलं अंतर निघतं साधारण ३५० किलोमीटर. पणजी ते पुणे सरळ रेषेत जवळपास तेवढंच. एकटा सूर्यच १४ लाख किलोमीटर रुंद आहे, आणि इथे सत्तर सूर्यांचं वजन पणजी-पुणे एवढ्या अंतरात सेकंदाला पंचाहत्तर वेळा गरगरतंय आणि तरी एकमेकांना अजून चिकटलेलं नाही. न्यूट्रॉन तारा, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा उरलेला अतिघट्ट गोळा, म्हणावा तर तो दोन-तीन सूर्यांच्या वर टिकत नाही. ३५ सूर्यांच्या ब्लॅकहोलची त्रिज्या मात्र सुमारे १०० किलोमीटर, दोन मावतात. दुसरं काही त्या जागेत बसत नाही. एकत्र झाल्यावर उरले ६२ सूर्य, म्हणजे तीन सूर्यांएवढं वस्तुमान लहरी होऊन गेलं, सेकंदाच्या काही अंशात.

एवढं झालं की एल वाली फाईल उघडा आणि सगळं परत करा, कंटाळा करू नका, खरा पुरावा इथे आहे. लहर आधी लिव्हिंगस्टनला पोचली आणि ६.९ मिलिसेकंदांनी हॅनफर्डला. एच च्या वेळेतून ०.००६९ वजा करा, ताणाला उणे १ ने गुणा, कारण दोन केंद्रांचे हात वेगळ्या दिशांना वळवलेले आहेत, आणि दोन्ही रेघा एकाच आलेखावर घाला. एकमेकींवर बसतात. दोन केंद्रांत ३००० किलोमीटर अंतर आहे, प्रकाशाला तेवढं कापायला १० मिलिसेकंद लागतात, म्हणजे फरक १० च्या वर आला असता तर ती एकच लहर नव्हे असं म्हणावं लागलं असतं. दोघांच्या गोंगाटाची वळवळ वेगवेगळी, पण ती शेवटची चढण तीच, हे बघितल्यावर मागच्या बाकावरचा प्रश्न परत येत नाही.

तो आवाज ऐकायचाही असेल, त्याच साईटवर ऑडिओ फाईली आहेत. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका, मूळ आवाज इतका खर्जातला आहे की स्पीकर तो वाजवतच नाही आणि लोक म्हणतात काहीच नाही यात. हेडफोन लावा, किंवा वरच्या पट्टीत सरकवलेली फाईल घ्या. गेल्या चवथीला आरत्या झाल्यावर मी आमच्या काकांना हेडफोन दिले, ते चाळीस वर्षं घुमट वाजवतात, म्हणजे मातीच्या मडक्याच्या तोंडावर कातडं ताणलेलं आमचं वाद्य. दोनदा ऐकलं, काही बोलले नाहीत, मांडीवर घुमट घेतलं, उजव्या हाताने कातड्यावर भराभर थाप आणि डावा हात मागच्या तोंडावर दाबलेला, तो हळूहळू उघडत नेला. आवाज खालून वर चढत गेला आणि त्यांनी हात झटक्यात बंद केला. तसाच! घुमटात तो चढतो कारण तोंड उघडलं की आतल्या हवेची कंपनं वाढतात, तिकडे चढतो कारण फेऱ्या वाढतात, कारणं निराळी आहेत, पण कानाला ती चढण कशी असते हे समजावायला मला याहून चांगलं काही मिळालेलं नाही.

मग याने आईनस्टाईन बरोबर ठरला का? इथे मला जपून बोलायचंय, कारण यूट्यूबवर फार सैल बोललं जातं. न्यूटनच्या १६८७ च्या सिद्धांतात ओढ तत्काळ पोचते, तिथे लहरींना जागाच नाही, तेव्हा लहर सापडली म्हणजे तो नुसता पुरत नाही एवढं नक्की. पण आईनस्टाईनच्या १९१५ च्या सिद्धांताला स्पर्धक बरेच झाले. १९६१ चा ब्रान्स-डिकी, १९६४ चा हॉइल-नारळीकर, आपल्या जयंत नारळीकरांचा, आणि पुढे न दिसणारं डार्क मॅटर किंवा विश्वाचं पसरणं वाढवणारी डार्क एनर्जी मानायला नको म्हणून मांडलेले कितीतरी. यातल्या काहींत रबर आडवा-उभा होण्याऐवजी सगळीकडून सारखा फुगतो-आकसतो अशीही एक लहर असते. काहींत ऊर्जा आणखी एका वाटेने जाते, तिला डायपोल म्हणतात, आणि ती वाटच मुख्य असती तर उणे ८/३ ऐवजी उणे २ घात सरळ रेषेत आला असता. तुमच्या शीटवर उणे २ चा एक रकाना करून बघाच. तोही बऱ्यापैकी सरळ दिसेल! आठ-दहा बिंदू, त्यात गोंगाट, एवढ्यावर ८/३ आणि २ यातला फरक ठरत नाही. वजन मोजायला ही शीट पुरते, सिद्धांत निवडायला नाही, आणि हा फरक मुलांना कळणं मला वजनापेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

सिद्धांत निवडायला लांब सिग्नल लागतो. १९७४ मध्ये हल्स आणि टेलर यांना सापडलेली जोडी, एक पल्सर म्हणजे ठेक्यात रेडिओ स्पंदनं देणारा न्यूट्रॉन तारा आणि त्याचा जोडीदार, पावणेआठ तासांत एक फेरी मारते आणि तो वेळ वर्षाला फक्त ७६ मायक्रोसेकंदांनी कमी होतो, दशकानुदशकं मोजलं तेव्हा आईनस्टाईनच्या हिशोबाशी जुळलं. आणि १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर मिळाली, जवळपास ३००० लाटा, आणि लहरींमागून फक्त १.७ सेकंदांनी गॅमा किरणांचा झोत. १३ कोटी वर्षं प्रवास करून दोघं दोन सेकंदांच्या आत पोचले, म्हणजे गुरुत्वीय लहरीचा वेग प्रकाशाएवढाच, फरक असलाच तर हजार लाख कोटीत काही भाग. ज्या सिद्धांतांत लहर प्रकाशापेक्षा वेगळ्या वेगाने जायला हवी होती ते त्या एका संध्याकाळी मोडीत निघाले.

तुमच्या आलेखावर अजून एक गोष्ट बघायची राहिली, शिखरानंतरची शांतता. ती एकदम नाही, चार-पाच मिलिसेकंदांत विरत जाणारी थरथर आहे, घंटेवर टोल दिल्यावर राहते तशी. दोन मिळून झालेलं नवं ब्लॅकहोल गोल होताना असं थरथरतं हे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्ये गणिताने काढलं होतं, तेव्हा ब्लॅकहोल असतात का यावरच वाद होता. आणि असा सिग्नल गोंगाटातून काढायची रीत बसवण्यात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले संजीव धुरंधर यांचा मोठा वाटा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात शंभर आवाज असतात पण तुम्हाला तुमच्या आईची हाक लगेच कळते, कारण ती कशी ऐकू येते हे डोक्यात आधीच आहे. तसंच, लहर कशी दिसेल ते आधी गणिताने काढून ठेवायचं आणि तो साचा डेटावरून सरकवत न्यायचा, जिथे बसला तिथे थांबायचं. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया होतंय, २०२३ मध्ये केंद्राने २६०० कोटी मंजूर केले, ते चालू झालं की लहर आकाशात नक्की कुठून आली ते आजच्यापेक्षा खूप नेमकं कळेल.

पुढची घटना कुठली घ्यावी असं विचारलंत तर लगेच १७ ऑगस्ट २०१७ वर उडी मारू नका. त्यात लिव्हिंगस्टनच्या डेटामध्ये टक्कर व्हायच्या सेकंदभर आधी यंत्राचाच एक मोठा खटका आहे, तो काढून टाकावा लागतो, आणि लाटा इतक्या बारीक की डोळ्याला शून्य ओलांडताना दिसतच नाहीत, तिथे पायथनमध्ये कोडिंग केल्याशिवाय गत्यंतर नाही. आधी ही दोन फाईलींची शीट पुरी करा, एच चा उतार आणि एल चा उतार शेजारी लिहा, आणि दोघांत किती फरक पडला तो आकडा खाली नोंदवून ठेवा.